रविवारची गोळी

बारावीच्या त्या वर्षी सकाळी जाग आली की मी डोळे न उघडता तशीच पडून राहायचे आणि स्वयंपाकघराकडे कान लावायचे. आई भाकरी थापत असायची. तिचे हात बरे असले की थापण्याचा आवाज एका लयीत यायचा, मग तव्यावर भाकरी टाकल्याचा, मग तिच्यावरून पाणी फिरवल्याचा बारीक चर्र आवाज. हात बरे नसले की दोन थापा, मग थांबणं, मग एक थाप, मग पुन्हा थांबणं. त्या थांबण्यात ती काय करत असेल ते मला पांघरुणातूनही दिसायचं. मनगट काखेत दाबून, ओठ आवळून, भिंतीकडे तोंड करून उभी असणार. आणि एखाद्या दिवशी काहीच आवाज यायचा नाही. मग मी धावत आत जायचे. पीठ मळलेलं, तवा तापून धूर सोडतोय, आणि आई दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून बसलेली. "आज भातच टाक बाई," ती म्हणायची, जणू तिलाच भात खायची लहर आली आहे.

आमच्या घरात काळजीचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे. आता चाळिशीला टेकले तरी ते कुणी काढून घेतलेलं नाही. माझा नवरा म्हणतो, हिला काळजी करायला काही उरलं नाही तर हिला त्याचीच काळजी लागते. म्हणू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आईला संधिवात होता. म्हातारपणी जिना चढताना गुडघे कुरकुरतात तो नव्हे. तिशीतच तिच्या बोटांची पेरं सुजायला लागली, मग मनगटं, मग पायाचे चवडे. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजेल असं सांगितलं होतं, की शरीराची राखण करणारी जी फौज असते तीच या आजारात घरच्यांवर उलटते आणि सांधे खायला लागते. सकाळी तिची बोटं लाकडासारखी ताठ असायची. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसली की हळूहळू सुटायची. दहा-अकराला ती माणसात यायची. लसूण सोलणं, कुकरचं झाकण लावणं, धुणं पिळणं, केसांना पिन लावणं, ही कामं माझ्याकडे आली होती. हातातल्या काचेच्या बांगड्या तर सूज आली तेव्हा फोडूनच काढाव्या लागल्या होत्या, आणि त्या दिवशी आई जेवढी रडली तेवढी दुखण्याने कधी रडली नाही.

साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला एका घराच्या माडीवर आम्ही दोन खोल्यांत राहायचो. वडील, म्हणजे अण्णा, फौजेत हवालदार होते आणि वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचे. आमच्या गल्लीत अशी बरीच घरं होती. बापे सीमेवर, बायका पोरांच्या शाळेसाठी भाड्याच्या खोल्यांत. आईचं माहेर आटपाडीच्या बाजूचं, कोरडवाहू, मेंढरांमागे हिंडणाऱ्या माणसांचं. तिचा धाकटा भाऊ, माझा तानामामा, कुपवाडला एका कारखान्यात लेथवर होता आणि सांगलीत राहायचा. त्यानेच तिला धरून सांगलीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यानेच आमच्या घरातल्या उलथन्याला, सुरीला, डावाला लेथवर जाडजूड लाकडी मुठी करून बसवल्या होत्या, कारण बारीक दांडा आईच्या मुठीत राहत नसे. आमच्याकडे नवीन येणारं माणूस ती मुगदरासारखी उलथनी बघून हसायचं. त्या जाड मुठींनी आईचा निम्मा संसार चालवला.

उपाय सांगणाऱ्यांची तर आमच्याकडे रीघ असे. घरमालकीणबाई निर्गुडीचा पाला आणून द्यायच्या, तो उकळून त्याच्या वाफेवर हात धरायचे. शेजारच्या काकूंनी बटाटा, वांगं, वाटाणा बंद करायला लावला, कारण हे सगळं वातूळ. त्यांच्या जावेने हरभऱ्याची डाळही बंद करायला लावली. पुढे कोण कोण काय बंद करायला लावत गेलं ते बघता आईने फक्त हवा खाऊन राहायचं बाकी होतं. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि माणूस जिना उतरलं की मला म्हणायची, "वैशा, उद्या वांगं आन गं. लय दिवस झालं."

खरी भिस्त होती ती पिवळ्या गोळीवर. आठवड्यातून एकदाच घ्यायची, रविवारी, जेवणानंतर. डॉक्टरीणबाईंनी हे तीनदा सांगितलं होतं. रविवार घरात तसाच वेगळा असायचा, मटणाचा. खालच्या मजल्यावरही खोबरं भाजल्याचा वास, आमच्याकडेही. जेवून उठलं की मी डब्यातून एक गोळी काढून आईच्या जिभेवर ठेवायचे. सोमवारी तिला मळमळायचं, मंगळवारपर्यंत ते ओसरायचं. गुण यायला दोन-तीन महिने लागले, पण आला. बोटं पहिल्यासारखी झाली नाहीत, तरी वाकडी व्हायची थांबली. घरात त्या पिवळ्या गोळीचं नावच रविवारची गोळी पडलं होतं.

माझी बारावीची परीक्षा तोंडावर आली असताना अण्णा पेन्शन घेऊन कायमचे घरी आले. काळी ट्रंक, गुंडाळलेलं बिस्तर, आणि एक नवा मोबाइल. इतकी वर्षं सुट्टीवर येणारा माणूस पाहुणा असतो. त्याच्यासाठी आई वेदना गिळून उठायची, गोडधोड करायची, आणि तो गेला की आठवडाभर पडून राहायची. आता मात्र पाहुणा जाईना. पहिल्याच महिन्यात अण्णांनी सकाळच्या आईला पाहिलं. दाराची कडी तिला निघत नव्हती आणि ती कपाळ दाराला टेकवून उभी होती. अण्णा बघतच राहिले. "हे असं रोज असतं?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. ते गच्चीवर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घराचा ताबा घेतला. मोबाइलमध्ये गजर लावला. पाणी तापवणं त्यांच्याकडे, बाजार त्यांच्याकडे, आईला गच्चीवर फेऱ्या मारायला लावणं त्यांच्याकडे. "शिस्त पायजे," ते म्हणायचे. "दुखनं म्हंजे दुश्मन. त्याला झोपायला टाइम द्यायचा न्हाई." घडी घातलेल्या चादरींना एवढे कोपरे आले की त्यांच्यावर बसायची भीती वाटे. आई तोंडाला पदर लावून हसायची. मला हायसं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण माझ्या हातातलं काम कुणीतरी काढून घेतलं की मला धाकधूक होते, ती तेव्हाही झाली.

परीक्षा संपल्यावर तानामामा न्यायला आला. घर सोडून चार दिवस कुठे राहायला जाण्याची माझी ती कितीतरी वर्षांतली पहिली वेळ. अण्णा म्हणाले, "जा बिनधास्त. मी हाय की हितं." मी गेले. सांगलीत कृष्णेच्या घाटावर मामीबरोबर फिरले, भडंग खाल्लं, मामेबहिणींबरोबर रात्री गप्पा मारल्या, आणि एक दिवसाआड अण्णांच्या मोबाइलवर फोन केला. आई कशी आहे? "एकदम फिट. आता बघच तू आल्यावर. सगळं लाइनीवर आनलंय." आईला फोन द्या म्हटलं की आई हळू बोलायची. बोलताना तिच्या तोंडात काहीतरी धरल्यासारखं वाटायचं. मी विचारलं तर म्हणाली, "तोंड आलंय जरा. उनाचं." एप्रिल होता, त्यामुळे पटण्यासारखं होतं. पटलं नाही. चार दिवसांचे पंधरा झाले होते, मामी अजून राहा म्हणत होती, आणि मी सकाळच्या एसटीने साताऱ्याला परत आले.

आई दूधभात खात होती. ठेच्याशिवाय ज्या बाईचा घास उतरत नाही ती दूधभात, तोही चमच्याने, एकेक शीत जिभेवर ठेवल्यासारखा. ओठांच्या कडा फाटलेल्या. हसली तेव्हा दिसलं, तोंड आतून सगळं सोललेलं. कपाळाला हात लावला तर चटका बसला. अण्णा म्हणाले, "उष्णता झालीया. सब्जा देतोय, गुलकंद देतोय. हितल्या डॉक्टरानं बी-कॉम्प्लेक्स दिलंय. उतरंल." मी तिची वेणी घालायला बसले तर कंगव्यात केसांचा पुंजका आला. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, न्हाताना बी येत्यात." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

गोळ्यांचा डबा कशासाठी उघडला ते आठवत नाही. तापाची गोळी शोधत असेन. त्यात पिवळ्या गोळ्यांची पाकिटं होती आणि ती रिकामी होती. एक नव्हे. मी ती हातात घेऊन बाहेर आले आणि अण्णांना विचारलं, "ही गोळी आईनं कवा कवा घेतली?"

अण्णा सायकलची चेन पुसत होते. त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर समाधान होतं, ते मी अजून विसरू शकलेले नाही. "रोज सकाळी. माझ्या हातानं. एक दिवस चुकलो न्हाई."

मी म्हटलं, "अण्णा, ती रविवारची गोळी हाय."

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "पर आठवड्यातनं एकदा औषध, ही काय तऱ्हा झाली? मंगळवार-बुधवारी ती बरी असती, शनिवारी पुन्ना आखडती. का? तर औषध पुरत न्हाई. नॉर्थ-ईस्टला आमाला मलेरियाची गोळी रोज तोंड उघडून दाखवून गिळाय लागायची. तवा माणसं वाचायची." बोलता बोलता त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ते थांबले. हातातलं फडकं खाली ठेवलं. "का गं? काय हुतंय त्यानं?"

काय होतं ते मलाही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं होतं, आणि त्या कुठलीच दुसरी गोष्ट तीनदा सांगत नसत. मी मामाला फोन लावला. मामाने कारखान्यातून दवाखान्यात लावला. उलटा फोन आला तेव्हा मामाचा आवाज बदललेला होता. "गोळी बंद. एक बी द्यायची न्हाई. आत्ताच्या आत्ता गाडी करा आनि घेऊन या. बाईंनी सांगितलंय, वाटंत कुटं थांबू नका."

गल्लीतल्या एकाची जीप होती. मागच्या सीटवर आईचं डोकं माझ्या मांडीवर, अण्णा पुढे. कराड मागे पडलं, उसाच्या ट्रॉल्या लागल्या, आणि प्रत्येक ट्रॉलीमागे जीप हळू झाली की अण्णांचा हात डॅशबोर्डवर घट्ट व्हायचा. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी आईच्या छातीकडे बघत होते. श्वास वर आला की मी श्वास घ्यायचे. ती सवय मला पुढे माझ्या मुलांच्या प्रत्येक तापात लागली आणि अजून सुटलेली नाही.

डॉक्टरीणबाईंनी तोंड तपासलं, रक्त घ्यायला लावलं आणि मग आईला विचारलं, "रोज घेतली?"

"व्हय," आई म्हणाली. बोलायलाही तिला त्रास होत होता. "माझाच घोळ झाला, बाई. डोस्क्यात ऱ्हायलं न्हाई."

अण्णा भिंतीपाशी उभे होते. हात शरीराला लागून सरळ, जसे साहेबापुढे उभे राहत असतील तसे. "न्हाई मॅडम," ते म्हणाले. "ती खोटं बोलतीया. मी दिली. रोज. तिची चूक न्हाई, पोरीची न्हाई."

मला वाटलं, बाई आता त्यांना फाडून खातील. त्यांनी फक्त चष्मा काढला. "हवालदारसाहेब, ही गोळी त्या उलटलेल्या फौजेला आवरते. आठवड्यातून एकदा दिली तर आवरते. रोज दिली तर फौजच शिल्लक राहत नाही. आता यांच्या अंगात लढायला कुणी नाही. साधी सर्दी झालेला माणूसही यांच्याजवळ येता कामा नये." मग त्या नर्सकडे वळल्या आणि भराभर औषधं सांगू लागल्या. त्या गोळीवर उतारा म्हणून इंजेक्शन असतं, ते सुरू झालं. अण्णा बाहेर बाकावर जाऊन बसले. मी तोंडाला रुमाल बांधून आत बसले.

आईला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. रोज सकाळी रक्त घ्यायचे आणि दुपारी त्या फौजेचा आकडा यायचा. त्या आकड्याचा अर्थ मला कळत नसे, पण बाईंचा चेहरा वाचायला मी शिकले होते. सुरुवातीचे काही दिवस त्या चेहऱ्यावर वाचण्यासारखं चांगलं काही नव्हतं. मामी मऊ भात करून पाठवायची, त्यातले चार चमचे आत जायचे. आईच्या हाताला हात लावायचा तर आधी साबणाने धुवायचा. माझे तळहात फुटले तरी मी पुन्हा पुन्हा धुवत होते. मला मनातून पक्कं वाटत होतं की ती जाणार. हे मी कुणालाच बोलले नाही, कारण बोललं की खरं होतं अशी माझी तेव्हा समजूत होती, आणि खरं सांगायचं तर आजही थोडी आहे.

मग एका दुपारी बाई आकडा बघून म्हणाल्या, "चढायला लागलाय." एवढंच. मी संडासात जाऊन रडून घेतलं आणि पुन्हा हात धुवून आले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, तोंडातले फोड जरा सुकल्यावर, मी आईला विचारलं. अण्णा खाली औषधं आणायला गेले होते. "आई, तुला ठाऊक हुतं नव्हं, ती रविवारची गोळी हाय?"

"हुतं की."

"मग घेतलीस कशी?"

ती खिडकीकडे बघत राहिली. "लगीन झाल्यापासनं ह्या माणसानं मला कवा पानी दिलं न्हवतं," ती म्हणाली. "साड्या आनल्या, पैसं धाडलं. पर पानी न्हाई. आनि आता रोज सकाळी, माझी बोटं मिटत न्हाईत तवा, मान धरून पेला तोंडाला लावायचा. लय हळू. गोळी नगं म्हनले असते तर पानी बी गेलं असतं." मग जरा थांबून म्हणाली, "एक-दोन गोळ्यांनी काय हुतंय, म्हनलं. मग रोजचंच झालं."

मला तिचा इतका राग आला की मी खुर्चीवरून उठून दारापर्यंत गेले. पेलाभर पाण्यासाठी कुणी जीव टाकतं का? मी तिला वर्षानुवर्षं पाणी देत आले होते, ते काय पाणी नव्हतं? पण दारातून वळून पाहिलं तर ती उशीवर एवढीशी दिसत होती. मी परत येऊन बसले. आज माझ्या लग्नाला जवळपास वीस वर्षं झाल्यावर मला तिच्यावर तेवढं रागावता येत नाही.

घरी आलो तेव्हा मे महिना संपत आला होता. अण्णांनी मोबाइलमधला गजर काढून टाकला. आईला काही हवं असलं तर ते मला हाक मारायचे. स्वतः जिन्याच्या पायरीवर बसून राहायचे. घडीच्या चादरींचे कोपरे गेले. घराचा ताबा पुन्हा माझ्याकडे आला आणि गोळी बंद असल्यामुळे आईच्या बोटांची सूजही परत आली. मनगट तर उशीसारखं झालं. तपासायला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "रक्त आता चांगलं आहे. गोळी पुन्हा सुरू करायची. नाहीतर वर्षभरात ही बोटं वाकडी होतील, आणि मग ती कुणालाच सरळ करता यायची नाहीत." अण्णा म्हणाले, "दुसरं काय औषध न्हाई का, मॅडम?" बाई म्हणाल्या, "आहे, पण यांना हेच लागू पडलंय. औषध वाईट नव्हतं."

आईने बाईंपुढे मान डोलावली, पण शेजारणींपुढे डोलवायची तशी. घरी आल्यावर म्हणाली, ती गोळी आता नको, वाकडी तर वाकडी बोटं. मी समजावलं, रडले, भांडले. आणि खरं म्हणजे माझीही हिंमत होत नव्हती. जी गोळी तिला स्मशानाच्या दारापर्यंत घेऊन गेली ती मी माझ्या हाताने तिच्या जिभेवर कशी ठेवणार होते? पहिला रविवार तसाच गेला. दुसऱ्या रविवारी सकाळी तिला चादरही अंगावर ओढता आली नाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

जेवणं झाली. मी पाकीट काढलं, त्यावरचं नाव वाचलं, मोबाइलमध्ये वार पाहिला, खाली जाऊन घरमालकीणबाईंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्येही पाहिला. रविवारच होता. एक गोळी तळहातावर घेतली. ती तशीच धरून मी उभी राहिले, आणि आई माझ्याकडे बघत होती.

"त्यास्नी बोलव," ती म्हणाली.

अण्णा पायरीवर होते. दारात आले, माझ्या तळहाताकडे पाहिलं आणि मागे सरकले. "तूच दे. मी हात लावनार न्हाई."

"गोळी वैशाच दील," आई आतून म्हणाली. "तुमी पानी आना."

अण्णा जागचे हलले नाहीत. पंधरा हजार फुटांवर बर्फात राहून आलेला माणूस, माठ चार पावलांवर. मग गेले. पेला भरून आणला तो इतका काठोकाठ की निम्मं पाणी फरशीवर सांडलं. दुपारची वेळ होती, आईची बोटं गरम पाण्याने मोकळी झालेली होती, पेला तिला स्वतःला धरता आला असता. तिने दोन्ही हात पदराखाली ठेवले. मी गोळी तिच्या जिभेवर ठेवली. अण्णांनी तिच्या मानेमागे हात धरला आणि पेला तोंडाला लावला. ती सावकाश प्याली, सगळं.

मग तिने त्यांच्याकडे बघून म्हटलं, "उद्या गोळी न्हाई. परवा बी न्हाई."

"ठाऊक हाय," अण्णा म्हणाले.

"पानी लागंल. रोज लागंल."

अण्णांनी मान हलवली. रिकामा पेला हातात धरून ते तसेच तिच्याजवळ बसून राहिले.